किंमत भागिले पावसाळे

फर्निचरच्या दुकानात प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावलेली असते. वर छापील किंमत, ती खोडून खाली सवलतीची किंमत आणि त्याखाली ठळक अक्षरांत महिन्याचा हप्ता. हे कपाट किंवा हा पलंग किती पावसाळे काढेल, हे त्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेले नसते आणि गिऱ्हाईकही ते सहसा विचारत नाही. पालघर-बोईसर पट्ट्यात मात्र त्या न लिहिलेल्या आकड्याला फार वजन आहे. कमी पैशांत घर लावण्याचे बहुतेक सल्ले पहिल्या तीन आकड्यांभोवती फिरतात: सेल कधी लागतो, घासाघीस कशी करावी, कोणत्या कार्डावर किती सूट मिळते. ते सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांतून वाचणारे पैसे थोडे असतात. किमतीला पावसाळ्यांनी भागले की जी रक्कम येते, ती त्या वस्तूची खरी किंमत. ती काढायला शिकलेले गिऱ्हाईक सेलची वाट न पाहताही स्वस्तात घर लावते.

हा हिशेब इथेच का मांडायचा, त्याला कारण आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून चालू आहे, एमआयडीसीही जुनी आहे. पण सफाळे, पालघर, उमरोळी, बोईसर या स्थानकांभोवती ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतला मोठा भाग या नंतरच्या वर्षांतला. त्यांत राहणारी कुटुंबे बहुधा पहिल्यांदाच स्वतःचे घर लावणारी. एक खोली-स्वयंपाकघर किंवा वन बीएचके, कर्जावर घेतलेले नाही तर भाड्याचे. मुद्रांक शुल्क, सोसायटीचे पैसे, मीटर, नळजोडणी हे सगळे भागल्यावर हातात जे उरते त्यात पलंग, कपाट, ओटा, पडदे बसवायचे असतात. आणि ते बसवायचे असतात कोकणाच्या उत्तर टोकाला, वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या, समुद्राच्या वाऱ्यातल्या गावात. मोबाइलवर पाहिलेले सुंदर घर दिल्लीचे किंवा बंगळुरूचे असते, आणि तिथले सामान जूनपासून चार महिने ओल्या हवेत उभे राहत नाही.

लाकूड कापले, रंधले, पॉलिश केले तरी हवेतले पाणी घेणे आणि सोडणे थांबवत नाही. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी मुरलेले असते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते आणि ९० टक्क्यांवर २० च्या घरात. त्यापुढे बुरशीला रान मोकळे. पाणी शिरले की लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही; म्हणून मे महिन्यात सरळ सरकणारा खण जुलैत अडतो आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतो. चिंचणी, तारापूर, नवापूर, सातपाटी, केळवे या किनाऱ्यालगतच्या गावांत भर पडते ती खाऱ्या वाऱ्याची. मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे बिजागरी, खणाचे चॅनेल, स्क्रू हे सगळे आतल्या गावांपेक्षा लवकर गंजते. वस्तूचे आयुष्य बहुतेकदा तिच्या सर्वांत कमकुवत भागाइतकेच असते. लाकूड शाबूत आणि बिजागरी गेली, असे दार निम्म्या घरांत दिसते.

आज बाजारात जे ‘रेडिमेड’ फर्निचर सर्वांत स्वस्त मिळते, ते बहुतांशी पार्टिकल बोर्डचे असते. लाकडाचा चुरा आणि भुसा डिंकासारख्या राळेत कालवून दाबून ही फळी बनते. वर सागाचे किंवा अक्रोडाचे चित्र छापलेला कागद चिकटवला की दिसायला फळी सुरेख होते. कोरड्या खोलीत, स्थिर ओझ्याखाली ती कामही बरे करते. पण तिच्या पोटात धागा नाही, सलगपणा नाही. कडेच्या पट्टीतून, स्क्रूच्या भोकातून किंवा पायाशी रोजच्या फरशी पुसण्यातून पाणी आत गेले की चुरा फुगतो, आणि सागाच्या फळीसारखा तो वाळल्यावर पुन्हा मूळ जागी येत नाही. फुगलेला बोर्ड तसाच राहतो, त्यातला स्क्रू ढिला होतो, आणि दार एकदा लटकले की त्याच जागी दुसरा स्क्रू धरत नाही. एमडीएफ दिसायला अधिक गुळगुळीत, रंग चांगला घेणारा, पण पाण्यापुढे त्याचीही गत फारशी वेगळी नसते. प्लायवुडची गोष्ट निराळी. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांचे फुगणे अडवतात आणि स्क्रूला पकड देतात. प्लायमध्ये खरा प्रश्न चिकटवणाऱ्या राळेचा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा प्लाय, पाणी सोसणारा नव्हे. त्याच्या पुढची प्रत बीडब्ल्यूआर आणि त्याही पुढे आयएस ७१० या मानकाचा, ज्याला दुकानात ‘मरीन’ म्हणतात. या शेवटच्या मालाच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी पापुद्रे सुटता कामा नयेत. पण ७१० हा आकडा कुणीही शिक्क्यात कोरू शकतो, हे लक्षात ठेवावे. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणत्या कारखान्याचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की संपलेला, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. हा एक मिनिटाचा खटाटोप टाळून लोक तासभर पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात.

मग सगळे घर मरीन प्लायचे करायचे का? मुळीच नाही. तसे करणे म्हणजे उलट्या बाजूने पैसे घालवणे. पाणी घरात सगळीकडे सारखे नसते. ओट्याखालचे सिंकचे कपाट, न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून उभे असलेले कपाट, पश्चिमेच्या भिंतीवरचा लॉफ्ट आणि जमिनीला टेकणारा प्रत्येक पाया या ओल्या जागा. छताजवळची टीव्हीमागची फळी, आतल्या भिंतीवरचे पुस्तकांचे शेल्फ, देवघर या कोरड्या. ओल्या जागी उत्तम प्लाय किंवा लाकूड नसलेलेच काही, कोरड्या जागी साधा बोर्डही चालेल. ओट्याखाली तर लाकडी पेटीची मुळात गरजच काय, असा प्रश्न विचारायला हवा. कडप्पा किंवा ग्रॅनाइटचे उभे-आडवे कप्पे आणि वर नुसते ॲल्युमिनिअमच्या चौकटीचे दार, ही जुन्या कंत्राटदारांची पद्धत मॉड्युलर किचनच्या जाहिरातींपुढे मागासलेली वाटते. पण सिंकचा पाइप रात्रभर गळला तरी कडप्प्याचे काही बिघडत नाही. कडप्प्याला वाळवीही लागत नाही.

आता तो भागाकार. समजा, एक बोर्डचे तीन दारांचे कपाट ९,००० रुपयांना मिळते आणि बाहेरच्या भिंतीलगत ते तीन पावसाळे टिकते. नंतर भंगारवालाही ते घेत नाही. म्हणजे दर पावसाळ्याला ३,००० रुपये. समजा, पत्र्याचे चांगले कपाट १६,००० ला पडते, १५ पावसाळे काढते आणि शेवटी लोखंडाच्या भावाने १,५०० देऊन जाते. उरलेले १४,५०० भागिले १५, म्हणजे वर्षाला ९७० च्या आत. पहिले कपाट निम्म्याच्या जवळपास किमतीचे आणि तिप्पट महाग. मात्र या भागाकाराचा अर्थ नेहमी ‘महाग तेच घ्या’ असा होत नाही. भाजक म्हणून वस्तूचे आयुष्य आणि आपली गरज यांपैकी जे कमी असेल ते घ्यायचे. एमआयडीसीत कंत्राटी कामावर आलेला, अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा तरुण १५ पावसाळ्यांचे कपाट घेऊन काय करणार? त्याच्यासाठी लोखंडी घडीची खाट, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि भिंतीला ठोकलेली दोरी हाच शहाणपणाचा संसार. दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या घरात वीस वर्षे राहणाऱ्याने दर तीन वर्षांनी बोर्डची कपाटे बदलत राहणे म्हणजे स्वस्ताईचे व्यसन.

या हिशेबावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की तो ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या सोयीचा आहे. ज्याच्याकडे आज ९,००० च आहेत, त्याला १६,००० चे कपाट दीर्घकाळात स्वस्त पडते हे सांगून काय उपयोग? आक्षेप खरा आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. गरिबाला स्वस्त वस्तू महागात पडते हे जगभरचे सत्य आहे. पण घराच्या बाबतीत एक पळवाट शिल्लक राहते, ती म्हणजे सगळे एकदम न घेण्याची. नव्या घरात पाऊल टाकताना सोफा, सेंटर टेबल, टीव्ही युनिट, शू रॅक, ड्रेसिंग टेबल आणि पलंग असा संपूर्ण संच लागतो, ही समजूत दुकानदाराची आहे. वास्तुशांतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आपण ती आपली करून घेतो. त्याच ५०,००० मध्ये सहा वस्तू घेतल्या तर सहाही बोर्डच्या येतात. दोनच घेतल्या तर दोन्ही पोलादाच्या किंवा सागाच्या येऊ शकतात आणि उरलेल्या चार पुढच्या तीन वर्षांत एकेक करून येतात. तोवर सतरंजी, चटई, लोड, तक्के आणि पाट यांवर मराठी घर कधीच अडलेले नाही. पाहुणा आला की खाली बसणे हे आपल्याकडे गरिबीचे लक्षण नव्हते, ते अलीकडे झाले.

कमी वस्तू घेण्याच्या बाजूने एक आकडा आहे, जो दुकानात कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत ७८ इंच बाय ७२ इंचांचा किंग पलंग ठेवला की ३९ चौरस फूट जागा गेली. घर घेताना समजा चौरस फुटाला ४,००० रुपये मोजले असतील, तर पलंगाखाली १,५६,००० रुपयांची जमीन अडकली आहे, आणि तिच्यावर वीस वर्षे व्याज भरायचे आहे. त्याऐवजी ७८ बाय ६० चा क्वीन पलंग घेतला तर साडेसहा चौरस फूट मोकळे होतात, म्हणजे २६,००० रुपयांची जागा, कदाचित पलंगाच्याच किमतीइतकी. पलंगाखाली साठवणीची पेटी असेल तर ही जागा कामी लागते, हे कबूल. पण मग त्या पेटीत काय भरले जाते तेही पाहावे. बहुतेक घरांत तिथे दोन जुन्या रजया, लग्नात आलेली न वापरलेली भांडी आणि बुरशीचा वास असतो, कारण जमिनीलगत बंद, बिनहवेची पेटी ही दमट घरातली सर्वांत वाईट साठवण. पाय असलेला, खालून झाडू फिरेल असा पलंग इथल्या हवेला अधिक मानवतो. तो पाहायला आधुनिक वाटत नाही, एवढाच त्याचा दोष.

पत्र्याच्या कपाटाला मराठी घरात लांबचा इतिहास आहे. गोदरेजने पोलादी कपाटे बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली आणि पुढे ते नावच कपाटाचे नाव झाले. कुठल्याही गावठी कारखान्यातल्या कपाटालाही आजीबाई ‘गोदरेज’च म्हणतात. आज बोईसर-पालघरच्या दुकानांत नामांकित कपाटाशेजारी स्थानिक कारखान्यातले कपाट निम्म्या किमतीत उभे असते. दोघांतला फरक पत्र्याच्या जाडीत आहे, आणि जाडी गेजमध्ये सांगितली जाते. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, ही गोम आहे: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे जेमतेम ०.५५. ‘साहेब, आपला चोवीस गेजचा आहे’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते आणि गिऱ्हाईक आकडा मोठा म्हणून खूश होते. दाराच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. आत जाऊन टक्कन बाहेर आला तर पत्रा पातळ. पावडर कोटिंग आतल्या कोपऱ्यांपर्यंत, तळाच्या बाजूपर्यंत आहे का ते हाताने चाचपावे, कारण गंज नेहमी न दिसणाऱ्या जागेतून सुरू होतो. आणि पायांखाली रबरी बूट. पाच-पन्नास रुपयांची ही वस्तू कपाटाला दोन-चार पावसाळे सहज वाढवून देते.

बदलीची नोकरी असलेल्यांनी, आणि तारापूर परिसरात अशी कुटुंबे भरपूर आहेत, आणखी एक गोष्ट भागाकारात धरावी: वस्तू उघडून पुन्हा जोडता येते का. बोर्डचे फर्निचर सुटे होते खरे, पण दुसऱ्यांदा जोडताना त्याची भोके आधीच सैल झालेली असतात आणि तिसऱ्यांदा ते क्वचितच उभे राहते. नट-बोल्टची लोखंडी चौकट किंवा खाच-कुसू जोडाचा लाकडी पलंग कितीही वेळा उघडावा. याच बदल्यांमुळे या पट्ट्यात वापरलेल्या सामानाचा चांगला पुरवठा होत असतो. निवृत्त होऊन गावी जाणारे किंवा दुसऱ्या प्रकल्पावर निघालेले कुटुंब टेम्पोचे भाडे वाचवण्यासाठी भक्कम सामान स्वस्तात देऊन जाते. ‘दुसऱ्याचे वापरलेले आपल्या घरात कशाला’ हा आक्षेप गादीच्या बाबतीत मान्य. लाकडाच्या बाबतीत तो उलटा आहे, कारण सागाला वय हा गुण आहे. जुन्या पाडलेल्या घरांतले वासे, चौकटी, दारे यांचे सागवान दशकानुदशके वाळलेले असते. त्याची फुगण्या-आक्रसण्याची खोड नव्या लाकडापेक्षा कमी झालेली असते. खिळ्यांची भोके भरून, रंधून त्यातून केलेला पलंग नव्या लाकडाच्या निम्म्या भावातही पडू शकतो. पाहायचे ते एवढेच की लाकडाच्या पोटात वाळवीची माती नाही ना, ठोकल्यावर आवाज पोकळ येत नाही ना, आणि दाभण टोचल्यावर ती सहज आत शिरत नाही ना.

सुताराकडून करून घेणे चांगले की तयार आणणे, हा वाद घरोघरी रंगतो. सुतार वेळ पाळत नाही, अंदाज दिल्यापेक्षा खर्च वाढतो, या तक्रारी खोट्या नाहीत. पण खर्च वाढतो तो बहुधा तोंडी बोलण्यामुळे. प्लायची कंपनी, प्रत आणि मिलिमीटरमधली जाडी, सनमायका ०.८ चा की १ मिलिमीटरचा, आतल्या बाजूने काय, चॅनेल आणि बिजागरी कोणती, मजुरी चौरस फुटाची की नगाची, हे कागदावर उतरवले की निम्मे भांडण संपते. आतल्या बाजूचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. फळीला एकाच बाजूने सनमायका लावला आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, तर उघडी बाजू हवेतले पाणी पिते, झाकलेली पीत नाही, आणि दार धनुष्यासारखे वाकते. आत स्वस्तातला पातळ का होईना लॅमिनेट हवाच. काळही निवडावा. पावसाळ्यात मजूर मोकळे असतात म्हणून भाव उतरतो हे खरे, पण ओल्या दिवसांत केलेल्या पॉलिशवर पांढुरकी साय धरते आणि त्या वेळी घट्ट बसवलेले सांधे उन्हाळ्यात उघडतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा इथल्या सुतारकामाचा हंगाम. तेव्हा खणाच्या बाजूंना किंचित फट ठेवणारा सुतार भेटला तर त्याला अनाडी समजू नये. तो जुलैचा विचार करतो आहे.

बाहेरगावी स्वस्त मिळते, हा आणखी एक पक्का समज. ओशिवऱ्याला जावे, उल्हासनगरला जावे, नाही तर नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात उघडलेल्या आयकियात जावे. तिथे निवड मोठी आहे यात शंका नाही, आणि मापे घेऊन, किंमत समजून घ्यायला एक फेरी करावीच. पण बिलाच्या तळाला महामार्गावरून चिल्हार फाटा ओलांडून बोईसरपर्यंत येणाऱ्या टेम्पोचे भाडे, चढवण्या-उतरवण्याची हमाली, जिन्यातून न गेल्यास दोर बांधून गॅलरीतून ओढण्याचा खर्च आणि वाटेत पाऊस लागला तर भिजलेले खोके, हे सगळे धरावे. दार बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येणार, हेही. एका मोठ्या वस्तूसाठी लांब जाणे क्वचितच परवडते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक टेम्पो केला तर परवडते. आणि निघण्यापूर्वी खोलीचे नव्हे, दाराचे, जिन्याच्या वळणाचे आणि लिफ्टचे माप घ्यावे.

बांबूचे काय? जव्हार, विक्रमगड, मोखाडा भागात टोपल्या, सुपे, कणग्या विणणारे हात आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबू-वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर तो १८ टक्केच आहे. हलके, स्वस्त, जिल्ह्यातलेच. तरी सरसकट शिफारस करवत नाही. बांबूच्या पोटात स्टार्च असतो आणि त्यावर जगणारा भुंगेरा त्याचे वर्षा-दोन वर्षांत पीठ करतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू मात्र अनेक पट टिकतो. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: प्रक्रिया केलेला आहे का? उत्तर गुळमुळीत आले तर खुर्ची घेऊ नये, टोपली घ्यावी.

गादीवर मात्र हात आखडू नये. आयुष्याचा तिसरा हिस्सा जिच्यावर जातो ती वस्तू पलंगाच्या डोक्याकडच्या नक्षीसाठी कापली जाते, हे रोज दिसते. फोम घेताना ‘किती इंच’ याऐवजी ‘किती डेन्सिटी’ हे विचारावे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन, आणि ४० चा पाच इंची फोम २५ च्या आठ इंचीपेक्षा उशिरा बसतो. ज्यांच्या गच्चीत ऊन येते त्यांनी कापसाच्या गादीचा विचार सोडू नये. ती उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरता येते. फोमला ही सोय नाही.

हप्त्यांचा भाग थोडक्यात, कारण तो जितका गुंतागुंतीचा दाखवला जातो तितका नाही. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितले होते. व्याज किमतीत मुरवलेले असते, सोडलेल्या रोख सवलतीत असते, किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने येते. म्हणून आधी रोखीचा अखेरचा भाव विचारावा आणि मग हप्त्यांची बेरीज त्याच्याशी ताडावी. ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ या बोलीचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज ७,२०० आणि हप्ता १,५५० चा. पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर लागते, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने वार्षिक टक्केवारीचा खरा दर सांगणारे तथ्यपत्र देणे बंधनकारक आहे, ते मागावे. यावर कुणी म्हणेल की हप्त्यामुळेच तर चांगली वस्तू आज परवडते. परवडते, जर हप्ता संपल्यावर वस्तू शिल्लक राहणार असेल तर. तीन पावसाळ्यांच्या कपाटाला दोन वर्षांचा हप्ता लावणे हा मात्र तोट्याचाच सौदा.

उरली सजावट. इथे वरचा सगळा नियम उलटा फिरतो आणि बजेटवाल्याचे खरे राज्य सुरू होते. ज्या वस्तूवर ना शरीराचे वजन, ना पाण्याचा भार, तिच्यावर कमी खर्च केला तरी घर गरीब दिसत नाही. भिंतीचा रंग, दिव्याची जागा आणि पडदा या तीन गोष्टी खोलीचे रूप जितके बदलतात तितके महागडे शोकेस बदलत नाही. पडद्या-सोफ्याचे कापड देशाबाहेर पाठवणाऱ्या डी’डेकोरचे कारखाने तारापूरलाच आहेत. ज्या गावात हे कापड विणले जाते तिथली माणसे पडद्यासाठी मुंबईला जातात, हा गमतीचा भाग. दमट घरात जाड मखमली पडदा वास धरतो, सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचा धुता येणारा बरा. भिंतीवर काय लावायचे, यासाठी तर या जिल्ह्याला कुठे पाहायची गरजच नाही. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांची वारली चित्रकला मुळात लग्नातल्या चौकाची, सुवासिनींनी भिंतीवर काढायची. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात येऊन ही चित्रे काढणाऱ्यांना कागद दिले, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नविधीच्या बाहेर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्याच चित्रांतले तारपा नृत्य एमडीएफवर छापून परराज्यातून येते आणि बोईसरच्या दुकानात ‘एथनिक वॉल आर्ट’ म्हणून विकले जाते. डहाणू, जव्हार, विक्रमगडकडे हाताने काढणारे कलाकार असताना छापील फळी घेण्याचे समर्थन निव्वळ किमतीवरही होत नाही, कारण छोटे कापडी चित्र पुष्कळदा त्याच पैशांत मिळते. ते पश्चिमेच्या ओल्या भिंतीवर टांगू नये आणि काचेमागे थोडी हवा राहू द्यावी, एवढे पथ्य.

उंच शेल्फ आणि कपाटांबद्दल इथल्या पुरते एक सांगायला हवे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, लहान-मोठ्या भूकंपांची मालिका सुरू झाली. त्यामुळे मागे-पुढच्या रुंदीपेक्षा उंची बरीच जास्त असलेली प्रत्येक वस्तू वरच्या टोकाला एल आकाराच्या पट्टीने भिंतीशी जखडावी. जड सामान खालच्या कप्प्यात ठेवावे. पट्टी आणि चार स्क्रू यांचा खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेर असतो. सुतार घरात असतानाच हे करून घ्यावे.

आणि बिल. जीएसटीशिवाय थोडे स्वस्तात देतो म्हणणारा दुकानदार हमीचा कागदही कापून घेतो. बिलावर ‘लाकडी कपाट १ नग’ एवढेच न लिहिता ‘१८ मिमी, आयएस ७१० प्लाय’ किंवा ‘२० गेज पत्रा’ असे लिहून घ्यावे. तक्रारीत तोंडी शब्दाला किंमत नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुष्कळ विक्रेते आयोगाची नोटीस येण्याची वाट न पाहता त्या टप्प्यावरच दार बदलून देतात.